मानाचा तुकडा

ब्रूसाक, २ नोव्हेंबर १९२७

ओर्तांसबाई,

तुमच्या आईच्या थडग्यावर काल मी शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवल्या. एक पांढरी, एक जांभळट. पिवळी घेतली नाही, कारण पिवळ्या फुलांना तुमची आई ‘मोहरीचा भात’ म्हणायची, आणि भात तिला मुळीच आवडत नसे.

सर्व संतांच्या दिवशी मृतांना फुलं वाहायला सगळं गाव कब्रस्तानात लोटलं होतं. थडगी पुसून, फुलं मांडून लोक एकमेकांच्या फुलांच्या किमती डोळ्यांनी मोजत होते. तुमच्या आईचा दगड तेवढा उघडा. माझ्या शेजारच्या रुशेतबाई पाठीमागून म्हणाल्या, “मास्तर, रांग चुकलात. तुमची माणसं पलीकडे आहेत.”

“माझी माणसं कुठे पळून जात नाहीत, रुशेतबाई.”

“तसं नव्हे, लोक बघतायत म्हणून म्हटलं.”

लोक बघत होते खरे. आपल्या गावाला दुसरा उद्योग कधी होता?

जूनमध्ये तुम्ही बदली मागून ला रोशेलला गेलात. तिथल्या मोठ्या पोस्टात तुम्हाला तिसरी खिडकी दिली आहे असं कळलं. एकोणीस वर्षं एक अख्खं पोस्ट चालवलेल्या बाईला तिसरी खिडकी! असो. इकडची बातमी अशी की निनावी पत्रं थांबली ती थांबलीच. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत एकेचाळीस पत्रं, निळी शाई, छापील वळणाची मोठी अक्षरं, खाली ‘एक हितचिंतक’. बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न मोडलं, घड्याळजीची बायको माहेरी गेली, डॉक्टरांनी गाव सोडलं. आणि तुम्ही गेलात आणि सगळं शांत. त्यामुळे गावाचा तर्क पक्का झाला आहे. पत्रं पोस्टातून येत, पोस्टात तुम्ही. तुम्ही गेलात, पत्रं गेली. मी सांगतो, या तर्कानं गेल्या वर्षी सारस पक्षी गेले तेव्हा थंडीसुद्धा त्यांनीच आणली होती.

आता मुद्द्याचं. तेरा मार्चच्या रविवारी तुमच्या घराचा मान चुकला, त्याबद्दल मी कधी बोललो नाही. वकिलासारखं पायरीपायरीनं लिहितो, राग मानू नका. नऊ वर्षं चर्चची मानाची वही माझ्याकडे आहे. दर रविवारी एका घरानं गोड पाव भाजून आणायचा, पाद्रीबुवांनी त्यावर पाणी शिंपडायचं, सगळ्यांनी वाटून खायचा. आणि त्यातला एक मोठा तुकडा पांढऱ्या रुमालात घालून मी पुढच्या घरी पोचवायचा. ज्याच्या घरी तुकडा, त्याचा पुढचा रविवार. घरामागून घर, एकही न गाळता. मात्र ज्या घरात वर्षाच्या आत मयत झाली असेल, त्या घरावर हा भार टाकायचा नाही. तुमची आई जानेवारीत गेली. म्हणून मार्चमध्ये तुमच्या दारावरून मी पुढे रुशेतबाईंकडे गेलो. त्यात तुम्हाला त्रास होऊ नये एवढाच हेतू होता. गावानं त्याचा भलता अर्थ लावला, त्याला मी काय करणार?

समुद्राची हवा मानवते का? तुमच्या गुडघ्याला दमट हवा चालत नाही, हे तिथल्या वरिष्ठांना सांगितलंत का?

तुमचा,
आन्सेल्म व्हेर्दिए


ब्रूसाक, ४ डिसेंबर १९२७

ओर्तांसबाई,

कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, तीन वाक्यं. ‘तुम्ही दार वाजवलं नाहीत. मी दाराआड उभी होते. पीठ चाळून ठेवलं होतं.’

अठ्ठावीस वर्षं लॅटिन शिकवतोय. थोडक्यात लिहा म्हणून मुलांच्या डोक्यावर टपल्या मारतोय. एकालाही इतकं जमलेलं नाही.

हो. नियम असा आहे की दुःखाच्या घरी वही सांभाळणाऱ्या कारभाऱ्यानं थांबायचं, दार वाजवायचं, तुकडा पुढे करायचा, आणि नको असेल तर त्या घरानंच ‘यंदा नको’ म्हणायचं. नकार देण्याचा हक्क घराचा, कारभाऱ्याचा नव्हे. हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर आहे, माझ्याच अक्षरात आहे. मागच्या पत्रात मी तो अर्धाच लिहिला.

त्या तेरा मार्चला मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुटली तेव्हा ऊन पडलं होतं. तुमच्या घरापर्यंत चर्चपासून एकशे दहा पावलं. मी रुमाल छातीशी धरून निघालो आणि आळीतल्या खिडक्या एकेक करून हळूच उघडत गेल्या. आमचे नगराध्यक्ष गोद्री आपल्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभे, रविवार असून दुकान उघडं. त्या दिवसांत निनावी पत्रांची चौकशी करायला त्यांनी तिघांची समिती नेमली होती: ते स्वतः, पाद्रीबुवा आणि मी. मी का? तर पॅरिसला सात वर्षं जुन्या पोथ्या वाचून आलेला माणूस, याला अक्षरं कळणारच. तोवरची सगळी पत्रं माझ्या टेबलावर होती. त्यामुळे गावाची समजूत होती की मला माहीत आहे आणि मी फक्त बोलत नाही. तुकडा कुठल्या दारात जातो यासाठी लोक मिस्सेला बसले होते, पाद्रीबुवांच्या प्रवचनासाठी नव्हे.

तुमचं निळं दार आलं. मी चाल कमी केली नाही. कमी केली असती तर बरं दिसलं असतं, निदान विचार करतोय असं वाटलं असतं.

रुशेतबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा आधी घाबरला आणि मग फुलला. “माझा नंबर कसा? मधे पोस्टाच्या बाई आहेत की,” असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की तुम्हाला दाराआड ऐकू आलं असणार. मी म्हणालो, “यंदा तुमचा.” बस्स. दोन शब्दांत निकाल.

दुसऱ्या दिवसापासून लोक पोस्टाची तिकिटं घ्यायला सहा किलोमीटर चालत लुसाँला जाऊ लागले. सहा किलोमीटर! कामधंद्याला दोन किलोमीटर चालायचं तर ज्यांच्या कमरेत कळ येते तेच हे लोक. तुमच्या खिडकीच्या फळ्यांवर कुणी डांबर फासलं. मी ते पाहिलं. गोद्रींनी पाहिलं. पाद्रीबुवांनी पाहिलं आणि त्या रविवारी शेजारधर्मावर सुरेख बोलले.

आणि गुरुवारी शाळेला सुट्टी असूनही मी तुमच्याकडे आलो नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सर्दी झाली आहे असं मी स्वतःला सांगितलं. ती सर्दी जूनपर्यंत पुरली.

दार का वाजवलं नाही, हे तुम्ही कार्डावर विचारलेलं नाही. तुमचा हा मोठेपणा मला फार अडचणीचा आहे.

आन्सेल्म व्हेर्दिए


ब्रूसाक, १५ जानेवारी १९२८

ओर्तांसबाई,

आज तुमच्या आईला जाऊन वर्ष झालं. थडग्यावर बर्फ होतं, काठीनं झाडलं. नाव वाचता येईल इतपत.

पत्रं एकेचाळीस नव्हती. बेचाळीस होती. बेचाळिसावं मला आलं होतं, सव्वीस फेब्रुवारीला, आणि ते मी समितीपुढे ठेवलं नाही. अजून ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. कोट बदलला तरी ते नव्या कोटात येतं. त्यात लिहिलं आहे:

‘मास्तर, तुमच्या महान ग्रंथाची वीस वर्षांत अकरा पानं झाली आहेत. गावाला सांगता की काम चालू आहे. काम चालू नाही. तुम्ही टेबलाशी बसून भिंतीकडे बघता. एक हितचिंतक.’

पॅरिसहून परत आलो तेव्हा मी या गावाला सांगितलं होतं की मिथिलेच्या एका नैयायिकाची, म्हणजे तर्कपंडिताची, पोथी मी फ्रेंचमध्ये आणतो आहे. गावाला मिथिला म्हणजे चीनच्या अलीकडे की पलीकडे हेही ठाऊक नाही, पण आपल्या गावातला माणूस काहीतरी मोठं करतो आहे याचा त्यांना अभिमान होता. कसायाचा मुलगा माझ्यासमोर टोपी काढतो ती लॅटिनसाठी नव्हे. अकरा पानांची गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली होती. एका गुरुवारी संध्याकाळी चेस्टनट भाजत होतात तुम्ही. तुमची आई खुर्चीत पेंगत होती. मी बोललो. तुम्ही भाजलेले चेस्टनट माझ्या बशीत सोलून ठेवत राहिलात. सगळे सोलून झाल्यावर म्हणालात, “अकरा चांगली असली तर पुष्कळ झाली.” तुमची आई डोळे मिटूनच म्हणाली, “आणि वाईट असली तरी पुष्कळच.”

ते माझं सर्वांत सुखाचं संध्याकाळचं जेवण. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा पत्र वाचल्यावर मी काय केलं असेल ते कळलंच असेल. तर्क केला. मी ज्या शास्त्राची अकरा पानं भाषांतरित केली आहेत त्या शास्त्राचा सगळा जन्म याच प्रश्नात गेला आहे, की डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे असं कधी म्हणावं आणि कधी म्हणू नये. मी म्हटलं: ही गोष्ट फक्त ओर्तांसबाईंना माहीत. पत्रात ही गोष्ट आहे. तेव्हा पत्र ओर्तांसबाईंचं. शास्त्रशुद्ध. अगदी घटपट मांडून दाखवावं असं. बाकीच्या पत्रांची मला पर्वा नव्हती. घड्याळजीची बायको माहेरी गेली तेव्हा मी हसलोही होतो. पण माझी अकरा पानं!

समितीत गोद्रींनी विचारलं, “मास्तर, तुमचं काय मत?”

“मत नाही.”

“नाही की सांगत नाही?”

मी चष्मा पुसला. गोद्रींनी पाद्रीबुवांकडे बघून नुसती मान डोलावली. चष्मा पुसूनही साक्ष देता येते. आणि दोन रविवारांनी पायांनी उरलेली दिली.

तुम्हाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मला आता सर्वांत नवल याचंच वाटतं. गुरुवारी यायचं, टोपी खुंटीला अडकवायची, आणि म्हणायचं, “बाई, हे तुम्ही लिहिलंत?” इतकं सोपं. विचारलं असतं तर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असतं, त्या नजरेची भीती वाटली असावी. पुढचं वाक्य तीनदा लिहून खोडलं.

आन्सेल्म


ब्रूसाक, २६ फेब्रुवारी १९२८

ओर्तांसबाई,

हे पत्र घाईनं लिहितो आहे, म्हणून अक्षर वाईट. तुम्हाला माझं अक्षर वाचायची सवय आहे.

आज दुपारी पुलाजवळच्या कॅफेत गेलो. वर्तमानपत्र उघडलं. बातिस्त कपबशा पुसत होता. सहज, अगदी हवापाण्याचं बोलावं तसा म्हणाला, “काय मास्तर, अकराची बारा झाली का?”

“कशाची बारा?”

“पानांची हो. तुमच्या त्या पोथीच्या.”

मी कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे टेबलाच्या बाहेर ठेवला.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगितलं काय विचारता? तुम्हीच!” बातिस्त फडकं खांद्यावर टाकून जवळ आला. “चौदा जुलैचा राष्ट्रीय सण, परवाचा नव्हे, त्याच्या आदलं साल. भर दुपारी. गोद्रींनी घरची प्लमची दारू आणली होती, आठवतं का? नाही आठवणार. पाच ग्लास झाले तुमचे. मग खुर्चीवर उभे राहिलात आणि म्हणालात, ‘नागरिकहो, अकरा! वीस वर्षांत अकरा!’ आम्हाला वाटलं मुलं किती झाली त्याचं सांगताय.”

“किती जण होते?”

“होते आठ-नऊ. गोद्री, बेकरीवाला, घड्याळजी, पाद्रीबुवा, रुशेतबाई सरबत प्यायला आल्या होत्या, आणखी कोण कोण. तुम्ही पाद्रीबुवांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात ना! भिंतीकडे बघत बसतो म्हणालात. त्यांचा झगा भिजला.”

“मग इतके दिवस कुणी बोललं का नाही?”

बातिस्तनं फडक्यानं माझी कॉफी पुसायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मोठा माणूस रडला, मास्तर. तो काय विषय आहे बोलायचा? आम्ही सगळ्यांनी ठरवलं, हा विषय काढायचा नाही. आता दीड वर्ष झालं. म्हटलं, एवढं चालेल.”

या गावानं आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं, ओर्तांसबाई. ते माझ्यावरच्या मायेनं ठेवलं, आणि त्यात तुम्ही गेलात.

माझा नैयायिक याचं फार वर्षांपूर्वी उदाहरण देऊन गेला आहे. आग असली म्हणजे धूर असतोच असं नाही, तो म्हणतो. मधे ओलं लाकूड लागतं. ते लाकूड पाहायला विसरलात की सगळं अनुमान फसतं. हे सातव्या पानावर आहे. मी स्वतः भाषांतर केलं आहे, चांगलं केलं आहे. ते ओलं लाकूड मी स्वतः होतो, पाच ग्लास प्यालेलो.

पत्र कुणी लिहिलं हे मला अजूनही माहीत नाही. नऊंपैकी कुणीही असेल, किंवा त्या नऊंनी ज्यांना सांगितलं त्यांच्यातलं. मी प्रत्येकाचा चेहरा आठवून पाहिला. प्रत्येक जण शोभतो. एक-दोनदा तर वाटलं, पाद्रीबुवाच. मग लाज वाटली, मग परत वाटलं. हा रोग असाच लागतो, हे मला आता आतून कळलं आहे.

पण तुम्ही लिहिलं यासाठी माझ्याकडे एकच पुरावा होता, आणि तो नऊ माणसांसमोर मीच ओरडलो होतो. तुमचं नाव माझ्या पायांनी गेलं. ते परत आणायचं तर सगळ्यांसमोर आणावं लागेल. कॅफेत नव्हे, समितीत नव्हे. चर्चच्या दारात, मिस्सेनंतर.

भीती वाटते आहे. हेही लिहून ठेवतो.

आन्सेल्म


ब्रूसाक, ३ एप्रिल १९२८

ओर्तांसबाई,

परवा ईस्टरआधीचा डहाळ्यांचा रविवार होता आणि पंचांगाची गंमत अशी की एक एप्रिलही त्याच दिवशी. मिस्सा सुटल्यावर सगळे आशीर्वादाच्या डहाळ्या हातात घेऊन पायऱ्यांवर उभे होते. मी सर्वांत वरच्या पायरीवर गेलो आणि टोपी काढली. वर्गात बोलायची सवय असूनही आवाज बारीक निघाला.

म्हणालो: गेल्या वर्षी तेरा मार्चला मी मानाचा तुकडा पोस्टाच्या बाईंच्या दारावरून पुढे नेला. दार वाजवलं नाही. तो माझा गुन्हा. मला एक पत्र आलं होतं, त्यातली गोष्ट फक्त बाईंना माहीत आहे असं मी धरून चाललो. ती गोष्ट मीच चारचौघांत बोललो होतो. बाईंच्या विरुद्ध माझ्याकडे काहीही नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघून त्यांना दोषी धरलंत. त्या निर्दोष आहेत.

मग मागून बारीक हसू. मला वाटलं, बोलण्यावर हसतायत. ते पाठीवर हसत होते. बोलता बोलता कुणीतरी माझ्या कोटाला एप्रिल फूलचा कागदी मासा चिकटवला होता. एक एप्रिल आहे, दोष देता येत नाही. मासा सुबक होता, खवलेसुद्धा काढले होते.

गोद्री पुढे आले. “मास्तर, तुमच्याकडे पुरावा नव्हता हे ठीक. पण बाई निर्दोष आहेत हे कशावरून?”

“आहेत.”

“पण कशावरून म्हणतो मी. पुरावा नाही म्हणजे दोष नाही, असं थोडंच आहे?”

शास्त्राच्या दृष्टीनं गोद्रींचं म्हणणं बरोबर होतं. तरी मी म्हणालो, “मी खात्रीनं सांगतो. त्यांनी एकही पत्र लिहिलेलं नाही.”

तेव्हा रुशेतबाई बोलल्या. ओरडून नव्हे, भाजीचा भाव विचारावा तशा. “अहो, अशी खात्री कुणाला असणार? ज्यानं लिहिली त्यालाच.”

मग मी ते पाहिलं. चेहऱ्याचेहऱ्यांवरून ते पसरत गेलं. राग नव्हता तो, ओर्तांसबाई, सुटका होती. नवरा बायकोकडे बघत होता, बेकरीवाला घड्याळजीकडे, दीड वर्षात पहिल्यांदा मोकळे होऊन. सगळं जुळत होतं. पत्रं माझ्याच टेबलावर होती. फळ्यावर छापील अक्षर काढणारा मीच. अविवाहित, चिडखोर, भिंतीकडे बघत बसणारा. तुम्ही गेल्यावर मी थांबलो, कारण मला लाज वाटली. कब्रस्तानात तुमच्या आईला फुलं का, तेही उमगलं. मला स्वतःलाच क्षणभर पटलं, इतकं नीट बसत होतं ते.

बातिस्त म्हणाला, “मास्तर, नाही म्हणा की.”

मी तोंड उघडलं होतं. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. आणि समजलं, मी नाही म्हटलं की हे सगळे चेहरे परत शोधायला लागतील, आणि शोध संपतो तो ला रोशेलच्या तिसऱ्या खिडकीशी. गावाला कुणीतरी हवं आहे. जागा रिकामी ठेवली तर तुमचंच नाव लागणार.

मी टोपी घातली आणि घरी आलो. पाठीवर मासा होता. दारात आल्यावर काढला.

आज सकाळी शाळेतून चिठ्ठी आली: प्रकृतीच्या कारणानं विश्रांती घ्यावी. वही घ्यायला रुशेतबाई आल्या होत्या, आत आल्या नाहीत. गोद्रींनी पोस्टाच्या वरिष्ठांना तुम्हाला परत बोलवावं म्हणून अर्ज केला आहे, खाली शंभरावर सह्या आहेत. बेकरीवाल्याची सही सर्वांत मोठी. पाद्रीबुवा ईस्टरच्या मिस्सेला तुमचं नाव घेऊन क्षमा मागणार आहेत, गावाच्या वतीनं. ते चांगलं बोलतात.

ती पत्रं मी लिहिलेली नाहीत. हे वाक्य मी तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार नाही.

तुम्ही या. तुमची खिडकी, तुमच्या आईचा दगड, सगळं इथे आहे. फक्त कुणाजवळ माझी बाजू घेऊ नका. घेतलीत तर दुसऱ्याच दिवशी म्हणतील, दोघं मिळून करत होते. मी तिकिटं घ्यायला आलो तर परक्याला देता तशी द्या. रस्त्यात भेटलो तर बाकीचे बघतात तसंच बघा. कठीण जाणार नाही, शिकवायला सगळं गाव आहे.

तुमचा,
आन्सेल्म


ब्रूसाक, १४ जून १९२८

ओर्तांसबाई,

तुम्हाला येऊन अठरा दिवस झाले. फळ्यांवरचं डांबर खरवडून त्यांनी निळा रंग दिला, तुमच्या आधीच्या निळ्यापेक्षा थोडा गडद. मला पहिला आवडायचा.

तुम्ही आलात त्याच रविवारी तुकडा तुमच्या दारी गेला. रुशेतबाईंनी दार वाजवलं, तीनदा, आळीभर ऐकू जाईल असं. माझ्या दारावरून पुढे जाताना त्यांची चाल कमी झाली नाही. ही कला माझ्याचकडून शिकल्या आहेत. पुढच्या रविवारी तुमचा पाव झाला. बातिस्त सांगत होता, संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलं होतं, एक तुकडा उरला नाही. बातिस्त अजून बोलतो माझ्याशी, पण दुकान रिकामं असलं तर.

मी जे मागितलं ते तुम्ही तंतोतंत करता आहात. रस्त्यात माझ्या डोक्यावरून पलीकडच्या छपराकडे बघता. चर्चसमोर गोद्रींनी माझ्याबद्दल काहीतरी म्हटलं तेव्हा तुम्ही ओठ मिटून हसलात, मी खिडकीतून पाहिलं. आमच्या शाळेत दरवर्षी नाटक होतं, पण इतकं चोख काम मी कुणाचं पाहिलेलं नाही. मनात म्हणालो, वाहवा.

आणि म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. पेटीत टाकीन, शिक्का तुम्हीच माराल, वाचाल किंवा वाचणार नाही. निनावी समजू नका, खाली पूर्ण नाव लिहितो. उत्तर पाठवू नका. उत्तर दिलंत तर ते मला घ्यायला खिडकीशी यावं लागेल, आणि लोक बघतील.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. मी नीट आठवून, दोन दिवस तपासून मग लिहितो आहे. परवा सकाळी मी दहा तिकिटं घेतली. तुम्ही ती जाळीखालून सरकवलीत, बोटाच्या टोकानं. मी हात पुढे केला तेव्हा तुम्ही हात झटकन मागे घेतलात, माझा स्पर्श होऊ नये म्हणून, आणि तो फडक्याला पुसलात.

ओर्तांसबाई, त्या वेळी पोस्टात आपल्या दोघांशिवाय कुणीही नव्हतं.

आन्सेल्म मारी व्हेर्दिए
माजी लॅटिन शिक्षक, ब्रूसाक